तापल्यावरही धार न सोडणारे पोलाद

(सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. परिचारिकेने रक्तदाबावर बोलावे, मधुमेहावर बोलावे. पोलादाशी तिचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या घराघरांतला आहे. आपल्या समाजातील कितीतरी पुरुषांनी मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपांत आणि गिरण्यांच्या दुरुस्तीखात्यांत, व या देशात आल्यावर लोद, रमले, बेअरशेबा, दिमोना अशा ठिकाणच्या कारखान्यांत टर्नर आणि फिटर म्हणून आयुष्य वेचले. त्यांच्या लेथवरचे टूल, त्यांच्या हातातले ड्रिल ज्या धातूचे होते, त्या हायस्पीड पोलादाविषयी मी आज बोलणार आहे.

माझे यजमान टर्नर होते. या धातूचे गुण मला त्यांच्याकडून कळले. मी आधी शस्त्रक्रियागृहात आणि पुढे नेत्रविभागात काम केले. तेथे त्याच गुणांचा मनुष्याच्या शरीराशी कसा संबंध येतो, ते पाहावयास मिळाले. म्हणून आज या पोलादाचा एकेक गुण घेऊन तो कारखान्यात कशासाठी उपयोगी आणि शरीराच्या बाबतीत कशासाठी जपण्याजोगा, असे मी सांगणार आहे. अखेरीस वयस्कर कारागिरांच्या दृष्टीसंबंधी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती ऐकल्याशिवाय कृपा करून उठू नये.

उष्णता हा धारेचा शत्रू

लोखंडाने लोखंड कापावयाचे, तर कापणारे हत्यार कापल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा कठीण असले पाहिजे, हे उघड आहे. परंतु कापताना घर्षण होते. धातूचा छिलका वाकून सुटतो तेव्हाही उष्णता निर्माण होते, आणि ती सारी हत्याराच्या टोकाशी एकवटते. जुन्या काळी हत्यारे साध्या कार्बन पोलादाची असत. लोहार ते पोलाद लाल करून त्याला पाणी देई, म्हणजे एकदम थंड करी. त्याने ते अतिशय कठीण होई. पण हेच पोलाद पुन्हा २०० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापले की मऊ पडू लागते. म्हणून लेथ हळू चालवावा लागे. वेग वाढविला की टोक तापे, टोक तापले की धार बसे, आणि धार बसली की उष्णता आणखी वाढे.

यातून वाट काढण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. रॉबर्ट मुशेट यांनी १८६८ साली पोलादात टंगस्टन मिसळून असे हत्यार बनविले की ते पाण्यात न बुडविता, नुसत्या हवेत थंड होऊनही कठीण होई. पुढचे मोठे पाऊल अमेरिकेत पडले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम येथील पोलाद-कारखान्यात (हे बेथलेहेम आपल्या यरुशलेमजवळचे नव्हे) फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८च्या सुमारास प्रयोग आरंभिले. टंगस्टन व क्रोमियम असलेले पोलाद, तोपर्यंत सर्व लोहार ज्याला बिघडविणारे तापमान समजत होते तेथपर्यंत, म्हणजे जवळजवळ वितळण्याच्या सीमेपर्यंत तापविले, तर त्याचे हत्यार विलक्षण टिकते असे त्यांना आढळले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी ते चालवून दाखविले. हत्याराचे टोक लाल झालेले, सुटणारे छिलके निळे पडलेले, आणि तरीही हत्यार कापतच आहे, हे पाहून यंत्रकार चकित झाले. ‘हायस्पीड’ हे नाव त्या वेगावरून पडले. आज त्याहून कितीतरी वेगाने कापणारी हत्यारे आहेत; नाव मात्र तेच राहिले.

आत काय घडते

या पोलादाची जुनी आणि प्रसिद्ध जात अठरा-चार-एक या नावाने ओळखली जाते. तिच्यात १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम, १ टक्का व्हॅनेडियम, सुमारे पाऊण टक्का कार्बन आणि बाकी लोखंड असते. टंगस्टन महाग आणि युद्धकाळात दुर्मीळ, म्हणून त्याच्या जागी मॉलिब्डेनम वापरण्यात येऊ लागले. मॉलिब्डेनमचा अणू टंगस्टनच्या अणूच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो. त्यामुळे निम्म्या वजनाच्या मॉलिब्डेनमने तेच काम भागते. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या एम-२ या जातीत सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम आणि ०.८५ टक्का कार्बन असतो. अधिक उष्णता सोसावयाची असेल तेव्हा कोबाल्ट घालतात. एम-३५ मध्ये ते ५ टक्के, तर एम-४२ मध्ये ८ टक्के असते.

हे धातू नेमके काय करतात? पोलादाची कठिणता लोखंडात कोंडलेल्या कार्बनामुळे येते. साध्या पोलादाला पुन्हा उष्णता लागली की हा कार्बन मोकळा होऊन जाडसर कणांच्या रूपाने गोळा होतो आणि पोलाद सैलावते. टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांची कार्बनाशी घट्ट सोयरीक असते, आणि हे जड अणू लोखंडातून सहजासहजी सरकत नाहीत. ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते कार्बनाशी संयोग पावून अत्यंत सूक्ष्म व अत्यंत कठीण कण निर्माण करतात. त्यामुळे ज्या उष्णतेत साधे पोलाद नरम पडते, तीत हे पोलाद उलट कठीण होते. शिवाय काही मोठे कण मुळातच न विरघळता राहिलेले असतात. ते झीज थोपवितात.

म्हणूनच याला पाणी देण्याची रीत निराळी आहे. प्रथम सुमारे ८५० अंशांपर्यंत सावकाश तापवावे लागते, नाहीतर ते तडकते. मग १२०० अंशांच्या वर नेऊन तेथे काही मिनिटेच ठेवतात. त्यानंतर तेलात, वितळलेल्या क्षारात किंवा हवेच्या झोतात थंड करतात. पण एवढ्याने काम संपत नाही. पोलादाचा काही भाग अद्याप मऊच राहिलेला असतो. म्हणून ५५० ते ५६० अंशांना ते पुन्हा तापवून थंड करतात, आणि ही क्रिया दोनदा, पुष्कळदा तीनदा करतात. प्रत्येक फेरीत उरलेला मऊ भाग कठीण होतो, आणि नव्याने कठीण झालेल्या भागाचा ठिसूळपणा पुढच्या फेरीत निघतो. यातील एक फेरी गाळली तर हत्यार दिसावयास तसेच दिसते, पण कामात तुटते. एवढे सोपस्कार झाले म्हणजे रॉकवेल मापाने ६३ ते ६५ इतकी कठिणता मिळते, आणि ती सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकून राहते.

कोठे वापरतात आणि कोठे नाही

ड्रिल, आटे पाडण्याचे टॅप, रीमर, मिलिंग कटर, दाते पाडण्याचे हॉब, ब्रोच आणि करवतीची पाती ही या पोलादाची मुख्य हत्यारे. लेथवर त्याचा मान आता पुष्कळसा विडियाने घेतला आहे. जर्मनीत १९२०च्या दशकात बाजारात आलेले हे टंगस्टन कार्बाइड याहूनही कठीण असते आणि अधिक उष्णता सोसते. परंतु ते ठिसूळ असते. टॅपसारखे बारीक हत्यार भोकात पिळवटते, ड्रिल थरथरते, करवतीला धक्के बसतात. तेथे थोडे वाकून न तुटणारा चिवटपणा हवा. कठिणता आणि चिवटपणा यांचा समतोल हेच या पोलादाचे सामर्थ्य आहे.

घरी ड्रिल मशीन वापरणाऱ्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. ड्रिलवर एचएसएस अशी अक्षरे असतील तर ते धातू, लाकूड व प्लास्टिक यांसाठी आहे. काँक्रीटच्या भिंतीला किंवा लादीला ते लावले तर क्षणात त्याची धार जाईल. तेथे टोकाला विडिया बसविलेलेच ड्रिल घ्यावे. वेगाचे म्हणाल, तर साध्या लोखंडाला मिनिटाला २५ मीटरच्या आसपास कापण्याचा वेग योग्य असतो. १० मिलिमीटरच्या ड्रिलसाठी तो मिनिटाला सुमारे ८०० फेरे होतो आणि ५ मिलिमीटरसाठी सुमारे १६००. म्हणजे ड्रिल जितके जाड, तितके ते हळू फिरवावे. स्टेनलेस स्टीलला हा वेग निम्मा करावा. सोनेरी रंगाची ड्रिले आपण पाहिली असतील. तो रंग टायटेनियम नायट्राइडच्या पातळ, कठीण लेपाचा असतो. हा लेप ५०० अंशांच्या आतबाहेर चढविता येतो, आणि तेवढी उष्णता या पोलादाला बाधत नाही, म्हणूनच ते साधले आहे.

धार लावताना साधे पोलाद निळे पडले की ते मऊ झाले असे समजावे. हायस्पीड पोलाद निळे पडले तरी त्याचे बहुधा काही बिघडलेले नसते. मात्र तापलेले ड्रिल एकदम पाण्यात बुडवू नये. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. पोलादाची जात ओळखण्याची खूण माझ्या यजमानांनी मला दाखविली होती. ग्राइंडरवर साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्यापिवळ्या उडतात आणि फुलबाजीसारख्या फुटतात. टंगस्टनयुक्त हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या थोड्या, तांबूस आणि न फुटणाऱ्या असतात.

पोलादाला ६०० अंश, हाडाला ४७

शस्त्रक्रियागृहात मला वारंवार एक प्रश्न विचारला जाई: इतके उत्तम पोलाद, मग शस्त्रक्रियेची हत्यारे त्याची का करीत नाहीत? कारण ते गंजते. पोलाद न गंजण्यासाठी त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. येथे ते ४ टक्केच, आणि त्यातलेही बरेचसे कार्बनाशी बांधलेले. ऑटोक्लेव्हच्या वाफेत रोज घातले तर अशा हत्याराला तांबेरा चढेल. म्हणून आपल्या कात्र्या आणि हाडाच्या छिन्न्या १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेल्या स्टेनलेस पोलादाच्या असतात. ते हायस्पीड पोलादाइतके कठीण नसते. पण निर्जंतुक करता येणे ही तेथे पहिली अट असते.

हाच अनुभव स्वयंपाकघरातही येतो. वर्कशॉपमधील यांत्रिक करवतीचे मोडके पाते घासून त्याची सुरी करण्याची चाल मुंबईत होती. अशी सुरी महिनोन्‌महिने धार धरते. पण कोकम किंवा लिंबू कापून तशीच ठेवली तर सकाळी डागाळलेली दिसते, आणि फरशीवर पडली तर तिचे टोक उडते. ती लगेच धुवून, पुसून, तेलाचे बोट लावून ठेवावी. तिने हाड फोडू नये.

अस्थिशल्यात हाडाला भोक पाडतानाही घर्षणाने उष्णता निर्माण होतेच. फरक असा की येथे जपावयाचे असते ते ज्याला भोक पाडतो त्याला. १९८३ साली स्वीडनमध्ये झालेल्या प्रयोगांत असे दिसले की हाड ४७ अंशांवर एक मिनिट राहिले तरी त्याच्या पेशींना इजा होते. मग त्या भोकात बसविलेला स्क्रू पुढे ढिला पडू शकतो. म्हणून शल्यविशारद ड्रिल चालवीत असताना परिचारिका त्यावर सलाइनची धार धरते, ड्रिल मधूनमधून बाहेर काढतात, आणि बोथट ड्रिल टाकून देतात. वर्कशॉपमधला टर्नर दुधासारखा पांढरा कूलंट सोडतो, तो हत्यार वाचविण्यासाठी. आम्ही सलाइन सोडतो, ते हाड वाचविण्यासाठी.

ठिसूळपणा आणि चुंबक

आता मुख्य गोष्टीकडे येते. कठीण वस्तू आघाताने तुटते तेव्हा तिच्या कपच्या उडतात. म्हणून हायस्पीड पोलादाच्या हत्यारावर हातोडी कधीही मारू नये. अडकलेला टॅप हातोडीने ठोकून काढण्याची सवय फार घातक आहे. डोळ्याच्या आत शिरणाऱ्या धातूच्या कपच्या बहुतेक वेळा पोलादावर पोलाद आपटल्यानेच उडालेल्या असतात. ग्राइंडरचा कण बहुधा बुबुळाच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि काही तासांत त्याभोवती गंजाचे कडे तयार होते. ते नेत्रवैद्य काढू शकतो. आघाताने उडालेली कपची मात्र सुईसारखी आत जाते. जखम इतकी लहान असते की पुष्कळदा वेदना होत नाहीत आणि पहिले काही दिवस दृष्टीही चांगली राहते.

अशा वेळी डोळा चोळू नये, धुण्यासाठी दाबू नये, रुमालाच्या टोकाने किंवा चुंबकाने कण काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर कागदी पेल्याच्या तळासारखे काही दाब न देता झाकण म्हणून धरावे, काही खाऊपिऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते, आणि थेट रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या लसीची आठवण करून द्यावी. चष्म्याच्या काचा म्हणजे संरक्षण नव्हे. बाजूंनी बंद असलेला सुरक्षाचष्मा हवा. छिलके हाताने न काढता ब्रशने काढावे. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही नको. हातमोजा गुंडाळला गेला तर बोटही त्याबरोबर जाते. कोबाल्ट असलेल्या हत्यारांना आणि विडियाला धार लावताना ती धूळ श्वासात जाऊ देऊ नये. ती फुप्फुसांना बाधते.

आत राहिलेला लोखंडी कण गंजत जातो. त्यातून सुटणारे लोह महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे डोळ्याच्या आतल्या पडद्याला मारते. रात्री दिसणे कमी होते, मोतीबिंदू येतो, बुबुळाचा रंग तपकिरी होऊ लागतो. यासाठी जुन्या इजेचीही तपासणी आवश्यक ठरते.

आणि या पोलादाचा शेवटचा गुण असा की ते चुंबकाला चिकटते. या गुणाचा नेत्रवैद्यांनी एकोणिसाव्या शतकापासून उपयोग करून घेतला. मोठ्या विद्युतचुंबकाने ते डोळ्यातील कण ओढून काढीत. पण आज हाच गुण एका नव्या धोक्याचे कारण झाला आहे. एमआरआय तपासणीचे यंत्र म्हणजे प्रचंड शक्तीचा चुंबक. १९८६ साली अमेरिकेत अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या डोळ्यात धातूचा कण नकळत राहून गेला होता. तो तपासणीत हलला, आतल्या आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली.

म्हणून एमआरआयच्या आधी एक प्रश्नावली देतात. तीत विचारलेले असते: डोळ्याला कधी धातूचा कण लागला आहे काय? धातू कापण्याचे किंवा घासण्याचे काम कधी केले आहे काय? आपल्याकडे ही प्रश्नावली हिब्रूत असते. आजोबांना ती नीट वाचता येत नाही; सोबत नातू किंवा नात असते. आजोबा ज्या वर्षी निवृत्त झाले, त्या वर्षी तिचा जन्मही झालेला नव्हता. ते पस्तीस वर्षे लेथवर उभे होते, हे तिला ठाऊक नसते. ती घाईत सर्व रकान्यांत ‘नाही’ अशी खूण करते आणि आजोबा विश्वासाने सही करतात. अशा प्रश्नावल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करावे. ज्या घरात टर्नर, फिटर, वेल्डर, ग्राइंडर चालविणारे कोणी असेल, त्यांनी एका कागदावर हिब्रूत चार ओळी लिहाव्या: कोणते काम केले, किती वर्षे केले, डोळ्यात कधी कण गेला होता काय, आणि तो पूर्ण काढला असे डॉक्टरांनी सांगितले होते काय. तो कागद कुपत होलिमच्या कार्डाबरोबर ठेवावा आणि कुटुंबाच्या डॉक्टरांनाही त्याची नोंद करावयास सांगावी. इजा चाळीस वर्षांपूर्वीची असली तरी ‘होय’ असेच लिहावे. ‘होय’ लिहिल्याने तपासणी नाकारली जाईल, ही भीती मनातून काढून टाकावी. बहुधा डोळ्यांचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून खात्री करतात. कण नसला तर एमआरआय होतो, आणि असला तर डॉक्टर दुसरी वाट काढतात.

ज्यांनी या पोलादाने काम केले, त्यांनी संसार उभे केले, मुलांना शिकविले. नातवंडांनी आजोबांना त्यांच्या कामाविषयी अवश्य विचारावे. ऐकण्यासारखे पुष्कळ मिळेल, आणि त्या प्रश्नावलीतले उत्तरही बरोबर लिहिले जाईल. ज्यांना तो कागद हिब्रूत लिहून हवा असेल, त्यांच्यासाठी मी व्याख्यानानंतर मागच्या टेबलाशी थांबले आहे.